पागोटे आणि प्रार्थना

मोठ्यापुढे जाताना अंगावरचे काय उतरवावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाजाने आपापल्या परीने दिलेले आहे. आमच्या बारामती-इंदापूरच्या मुलखात ते कोणाला विचारावे लागत नाही. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पंढरीला जाते. त्या वाटेवर भजनाला उभे राहिलेले वारकरी पाहावेत. डोक्याला पांढरी टोपी, नाहीतर फेटा. वरकुट्यासारख्या गावात भजनाला येणारा जुना माणूस वहाणा दाराबाहेर काढतो, टोपी सारखी करतो आणि मग आत पाऊल टाकतो. चार माणसांत बोडक्याने बसणे हे त्याच्या लेखी सुतकाचे लक्षण. शरण गेलेला माणूस पागोटे उतरवून दुसऱ्याच्या पायावर ठेवतो. मान मिळालेल्याला शेलापागोटे मिळते. आमची भाषाच असे सांगते की, डोक्यावरचे वस्त्र हे कापड नसून माणसाची अब्रू आहे.

साहेबाची रीत नेमकी उलटी. तो बूट घालून दिवाणखान्यात येई आणि टोपी मात्र दारातच काढून हातात घेई. एकोणिसाव्या शतकात कचेऱ्यांत आणि दरबारांत या दोन रीतींची गाठ पडली, तेव्हा जोडा काढायचा की ठेवायचा, यावर वाद झाले आणि सरकारला ठराव काढावे लागले. पण कचेरीपेक्षाही नाजूक अशी एक जागा होती. ती म्हणजे ख्रिस्ती उपासनेचे मंदिर. तेथे साहेबाचा धर्म आणि मराठी माणसाचे पागोटे एकाच छपराखाली आले. पुढे काय झाले, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे.

आम्ही ख्रिस्ती नाही आणि शास्त्री-पंडितही नाही. साखर कारखान्यांतील कामगारांत संघटनेचे काम करीत आयुष्य गेले. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. मग या विषयात आम्ही का शिरलो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. कोणी कोणापुढे टोपी काढायची, हा प्रश्न कामगाराच्या रोजच्या जगण्यातला आहे. एका कारखान्यात साहेबाच्या खोलीत शिरण्यापूर्वी टोपी काढून हातात धरावी, असा अलिखित नियम आम्ही पाहिलेला आहे. तो मोडायला पगारवाढ मिळवण्यापेक्षा अधिक दिवस लागले. तेव्हापासून टोपीचा इतिहास आम्ही कुतूहलाने वाचत आलो.

मूळ आज्ञा कोठून आली ते आधी पाहू. ख्रिस्ती प्रेषित पौल याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, साधारणपणे ५३ ते ५५ या सालांच्या सुमारास, करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला एक पत्र लिहिले. त्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याने सांगितले की, प्रार्थना करताना किंवा देवाचा संदेश सांगताना पुरुषाने डोके झाकू नये आणि स्त्रीने उघडे ठेवू नये. पुरुषांनी देवळात टोपी काढण्याच्या साऱ्या ख्रिस्ती रिवाजाचे मूळ या चार ओळींत आहे. पण करिंथ हे गाव कसले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ग्रीकांचे हे जुने शहर रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये उद्ध्वस्त केले आणि पुढे इसवी सनापूर्वी ४४ मध्ये जूलिअस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. रोमन माणूस यज्ञ करताना आपल्या अंगवस्त्राचा पदर डोक्यावरून ओढून घेई. ग्रीक रीतीत डोके उघडे राही. म्हणजे झाकलेले डोके ही त्या गावात रोमन यजमानाची खूण होती. पौलाचा रोख या खुणेवर असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. हे खरे धरले तर ती आज्ञा एका गावातील एका रीतीविषयी होती. आमच्या मुंडाशाचा तिच्याशी काय संबंध?

त्याच पवित्र ग्रंथाचा जुना भाग उघडला, तर आणखी गंमत दिसते. जळत्या झुडपापुढे मोशे उभा राहिला, तेव्हा ती भूमी पवित्र आहे म्हणून त्याला पायातील जोडे काढायला सांगितले गेले. डोक्याविषयी एक शब्द नाही. अहरोन हा पहिला मुख्य याजक. त्याच्या पोशाखाचे वर्णन आहे, त्यात तलम तागाचे पागोटे आहे आणि त्यावर सोन्याची पट्टी आहे. ते घालूनच त्याने देवापुढे जायचे. यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याची बायको वारली, तेव्हा त्याला देवाची आज्ञा झाली की, शोक करू नकोस. पागोटे बांध आणि पायांत जोडे घाल. याचा अर्थ असा की, त्या लोकांत डोके उघडे आणि पाय अनवाणी हे शोकाचे चिन्ह होते. हे वाचून इंदापूरचा कोणता शेतकरी म्हणेल की, हे लोक परके आहेत?

त्या जुन्या परंपरेचे वारस यहुदी. त्यांच्यात पुरुषांनी डोके झाकण्याचा दंडक पौलाच्या काळी पक्का झालेला नव्हता. पुढच्या शतकांत तो हळूहळू पक्का होत गेला. त्यांच्या तालमूद या ग्रंथात अशा एका विद्वानाचे वर्णन आहे की, जो उघड्या डोक्याने चार हातही चालत नसे. विशेष हे की, त्यांच्या लेखी धर्मग्रंथाचा अभ्यास हीसुद्धा उपासनाच. म्हणून प्रार्थनेला जसे, तसे अध्ययनालाही डोके झाकलेले. पुण्यात हे प्रत्यक्ष पाहता येते. डेव्हिड ससून यांनी बांधवलेले आणि १८६७ साली पुरे झालेले यहुद्यांचे प्रार्थनामंदिर, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, तेथे पुरुष डोक्यावर टोपी ठेवून प्रार्थना करतात. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना शनवार तेली म्हणत, ते तर मराठीच बोलणारे. टोपी घालून देवाचे नाव घेण्यात त्यांना आणि त्यांच्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना कधी अडचण पडली नाही.

आता ज्या मिशनऱ्यांनी हा प्रश्न महाराष्ट्रात आणला, त्यांच्याकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस उतरले. १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे केले आणि १८३३ साली तेथे मंडळी स्थापन झाली. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. हे लोक येताना आपल्या देशातील शिष्टाचारही बरोबर घेऊन आले, यात नवल नाही. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्यांच्याच पूर्वजांचा, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडातील सतराव्या शतकाच्या कट्टर सुधारकांचा रिवाज वेगळा होता. त्यांच्यात पुष्कळ पुरुष प्रवचन ऐकताना टोपी डोक्यावरच ठेवीत आणि प्रार्थना सुरू झाली म्हणजे तेवढ्यापुरती काढीत. हॉलंडच्या त्या काळच्या चित्रांत देवळात टोप्या घालून प्रवचन ऐकणारे गृहस्थ आजही पाहायला मिळतात. तेव्हा देवळात शिरताच टोपी काढणे हा ख्रिस्ती धर्माचा सनातन नियम होता, असे म्हणता येत नाही. बराच भाग धर्माचा आणि बराच भाग दिवाणखान्याचा, असे ते मिश्रण होते.

आमच्याकडील रीतही, खरे पाहता, एकेरी नव्हती. देवघरात सोवळ्याने पूजेला बसणारा ब्राह्मण पगडी खुंटीला टांगूनच बसे. पादुकांवर डोके टेकवणाराही टोपी क्षणभर काढतो. पण पुराण, कीर्तन, भजन, पंचायत, लग्न अशा ठिकाणी, म्हणजे जेथे माणसे जमतात तेथे, पगडी-पागोटे डोक्यावरच पाहिजे. एकांतात देवापुढे डोके उघडे, सभेत झाकलेले, असा तो भेद होता. मग ख्रिस्ती उपासना ही कशात धरायची, पूजेत की सभेत? मराठी ख्रिस्ती लोकांनी आपल्या समुदायाला जे नाव दिले, त्यातच आम्हांस याचे उत्तर दिसते. ते आपल्या संघाला ‘मंडळी’ म्हणतात. मंडळी जमली म्हणजे ती सभा. आणि सभेत मराठी माणूस बोडक्याने बसत नाही.

म्हणून पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांची चित्रे पाहावीत. बाबा पदमनजी १८५४ साली बेळगावला ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. त्यांच्या डोक्याला पागोटे आहे. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ साली झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या परत जातीत घेण्यावरून बाळशास्त्री जांभेकरांना केवढा विरोध सोसावा लागला, ते इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. या शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे ख्रिस्ती पंथांची मोठी परिषद भरली, तिला ते गेले, ते पागोट्यासह. देश बदलला, धर्म बदलला. पागोटे बदलले नाही. आणि कवी नारायण वामन टिळक! १८९५ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. त्यांचे छायाचित्र म्हटले की दाढी आणि फेटा डोळ्यांपुढे उभा राहतो. ख्रिस्ताचा स्वीकार करायचा, पण साहेबाचा नाही, हे त्या फेट्याचे म्हणणे होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो याच विचाराचा पुढचा टप्पा. दरबार हा शब्दही पाहा: दरबारात पगडीवाचून कोण जाई?

पागोट्याचा खरा कस लागला तो कीर्तनात. अहमदनगरकडील ख्रिस्ती मंडळीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती आख्यानांची कीर्तने होऊ लागली; कृष्णराव सांगळे यांचे नाव या कामात आदराने घेतले जाते, आणि टिळकांनीही कीर्तन हाती घेतले. कीर्तन म्हणजे काय? कीर्तनकार उभा राहून देवाची करुणा भाकतो आणि देवाचा संदेश लोकांना सांगतो. पौलाने ज्या दोन क्रिया सांगितल्या, प्रार्थना आणि संदेश, त्या दोन्ही कीर्तनात येतात. आणि कीर्तनकाराचा वेष तर ठरलेला: अंगरखा, उपरणे, डोक्याला पगडी किंवा फेटा. अक्षराला धरून चालायचे तर कीर्तनकाराने बोडक्याने उभे राहावे लागेल, आणि मग ऐकणाऱ्यांना ते कीर्तन वाटणार नाही. भावार्थाला धरून चालायचे तर आपल्या लोकांत जो आदराचा वेष, तोच देवापुढे आदराचा. मराठी ख्रिस्ती कीर्तनाने दुसरी वाट धरली. सभाशास्त्रींची परिषद न भरवता एका झांजेने आणि एका फेट्याने तो प्रश्न सोडवला, असे आम्हांस वाटते.

आतापर्यंत नावे आली ती बहुतेक पांढरपेशांची. पण अहमदनगर जिल्ह्यात आणि आसपास जे हजारो लोक ख्रिस्ती झाले, ते मुख्यतः महार आणि मांग समाजांतले होते. गावगाड्यात त्यांना जोहार करीत वाकून उभे राहावे लागे; त्यांच्यातल्या कोणी ऐटदार पागोटे बांधले तर ते गावच्या डोळ्यांत खुपे. अशा माणसाने नव्या धर्मात येऊन पहिल्यांदा स्वच्छ पागोटे बांधले आणि रविवारी तो मंडळीत जाऊन बसला. आता त्याला सांगावे की, ते उतरव? युरोपातील जमीनदाराने देवळात टोपी काढली तर ती नम्रता ठरेल. कारण बाहेर त्याची टोपी कोणी काढायला लावलेली नसते. ज्याचे पागोटे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी उतरवले, त्याला तोच नियम लावला तर तो जुनाच हुकूम नव्या तोंडून आला, असे होते. एकच कृती एकाला भक्ती आणि दुसऱ्याला अपमान. इतिहास लिहिणारे नियम नोंदवतात. तो कोणाच्या डोक्यावर पडला, हे पाहायचे राहून जाते.

हे मर्म ज्यांनी फार पूर्वी ओळखले, असा एक पंथ इंग्लंडात होऊन गेला. क्वेकर हे त्याचे नाव. सतराव्या शतकात या लोकांनी ठरवले की, टोपी काढायची ती फक्त देवाची प्रार्थना करताना. राजा, न्यायाधीश, जमीनदार, कोणाही माणसापुढे नाही. १६७० साली विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना लंडनच्या न्यायालयात उभे केले. त्यांच्या टोप्या कोणीतरी आधीच काढल्या होत्या. न्यायालयाने त्या पुन्हा त्यांच्या डोक्यांवर ठेववल्या आणि मग त्या काढल्या नाहीत म्हणून दोघांना प्रत्येकी ४० मार्क दंड केला! त्याच खटल्यात पंचांनी न्यायाधीशांच्या धमक्यांना भीक न घालता आरोपींना निर्दोष ठरवले, आणि त्यातून पंचांचे स्वातंत्र्य कायद्याने मान्य झाले. बाहेर कोणापुढेही न काढलेली टोपी देवापुढे काढली, तर त्या काढण्याला किंमत आहे. क्वेकरांनी पौलाची आज्ञा पाळली, आणि माणसाची मान ताठही ठेवली.

रोमच्या मोठ्या धर्मपीठालाही हे अगदीच उमगले नव्हते, असे नाही. चीनमध्ये आमच्याप्रमाणेच उघडे डोके हे अनादराचे लक्षण. तेथील जेझुइट पाद्रींनी विनंती केली, तेव्हा १६१५ साली पाचवे पोप पॉल यांनी चीनमध्ये डोके झाकून मिस्सा करण्यास परवानगी दिली, आणि तेथील पाद्री त्यासाठी खास टोपी वापरू लागले. हिंदुस्थानात तमिळ मुलखात रॉबर्टो दे नोबिली या पाद्रीने शेंडी-जानव्याचा प्रश्न उभा केला होता. त्यालाही १६२३ साली पोपकडून अनुकूल निर्णय मिळाला. पुढे १९१७ साली रोमन कॅथलिक धर्मपीठाने आपला कायदा एकत्र केला. त्यात पुरुषांनी देवळात उघड्या डोक्याने यावे असे सांगून, एखाद्या लोकांचा मान्य रिवाज वेगळा असेल तर गोष्ट निराळी, अशी सवलत ठेवली होती. १९८३ च्या नव्या कायद्यात ते कलमच राहिले नाही. इथिओपियाच्या प्राचीन मंडळीत तर पुरोहित डोक्याला पांढरे पागोटे बांधतात आणि लोक जोडे दाराबाहेर ठेवून आत जातात. तो देश आम्हांस समुद्रापलीकडचा. रीत मात्र आमच्या वेशीतली.

अभ्यासाविषयी दोन शब्द. युरोपात जुन्या विद्यापीठांतील विद्वान हे धर्मपीठाचेच लोक असत, आणि त्यांच्या डोक्याची टोपी ही विद्येची खूण ठरली. पदवीदानाची चौकोनी टोपी हा तिचाच अवशेष. म्हणजे देवळात टोपी काढायला सांगणारा समाज विद्येच्या मंदिरात ती सन्मानाने चढवीत होता. आमच्याकडे एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळांत मराठी मुले आणि पारशी मुले पगड्या घालूनच शिकत. त्यांच्यापैकी विल्सनसाहेबांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी १८३९ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे पाळक झाले. उघड्या डोक्याने प्रार्थना करणे हा पारशी धर्मात दोष. ते संस्कार घेऊन आलेल्या मुलाला नव्या उपासनेत डोक्याचा विचार करावाच लागला असणार.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. पौलाच्या आज्ञेचा दुसरा अर्धा भाग स्त्रियांविषयी आहे, आणि तो आमच्या रिवाजाशी तंतोतंत जुळला. डोक्यावर पदर घेण्याची सवय मराठी स्त्रीला आधीचीच. त्यामुळे स्त्रियांच्या डोक्यावरचा नियम कोणी तपासला नाही. करिंथमध्ये तो कोणत्या कारणाने सांगितला, हे कोणी विचारले नाही. पुरुषांच्या अर्ध्यासाठी देशकाल, रिवाज, सवलत यांचा विचार झाला. स्त्रियांच्या अर्ध्याला ती सूट कमी मिळाली. आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला बसून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सारे बायबल सोप्या मराठीत आणले. त्या १९२२ साली वारल्या आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे हा अध्यायही एका स्त्रीच्या हातून मराठीत आला. नियम कोणासाठी सैल होतो आणि कोणासाठी घट्ट राहतो, हे पाहण्याची सवय चळवळीत काम करणाऱ्याने लावून घ्यावी. कारण कारखान्याच्या स्थायी आदेशांतही हाच प्रकार आढळतो.

अखेर या वादाचा निकाल कोणी लावला? कोणत्याही सभेने नाही. पगडी प्रथम शहरातून गेली. १९२० नंतर पांढरी खादीची टोपी आली, तिने सरकारला धडकी भरवली आणि काही वर्षांत ती सर्वांच्या डोक्यांवर दिसू लागली. पुढे तीही उतरली. आज गावोगावचा तरुण, तो कोणत्याही धर्माचा असो, बोडक्यानेच फिरतो. म्हणून मंडळीत तो बोडका बसतो, यात पौलाचा विजय नाही आणि साहेबाचाही नाही. वहाणा मात्र पुष्कळ खेड्यांतील ख्रिस्ती मंदिरांत आजही दाराबाहेर दिसतात. आणि लग्नात, सत्कारात फेटा बांधताना ख्रिस्ती घर आणि हिंदू घर यांत फरक करता येत नाही.

या साऱ्या इतिहासातून आम्ही एवढेच घेतले. देवापुढे डोके झाकावे की उघडे ठेवावे, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने ठरवावे; दोन्ही रीतींनी खरी प्रार्थना झालेली आहे. पण आदर हा काढणाऱ्याच्या हातात असतो, काढायला लावणाऱ्याच्या हातात नसतो. स्वतःच्या हाताने उतरवलेले पागोटे ही भक्ती. दुसऱ्याने उतरवायला लावलेले पागोटे ही चाकरी. मंदिर असो, शाळा असो, कचेरी असो की कारखाना असो, माणसाच्या डोक्याविषयी नियम करायला जो बसेल, त्याने आधी हे विचारावे की, हे डोके आजवर कोणाकोणापुढे वाकवले गेले आहे. ते विचारल्यावर नियम करण्याची घाई पुष्कळशी कमी होईल, असा आमचा अनुभव आहे.